सफारद : चार अक्षरांचं गाव

स्मरणिका समितीचा निरोप आला, "इतिहासावर काहीतरी द्या, पण सोसायटीचा इतिहास नको, तो सेक्रेटरी लिहिताहेत." म्हणून जरा लांबचा विषय घेतो. एका गावाच्या नावाचा.

यहुद्यांच्या हिब्रू धर्मग्रंथात ओबद्या नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक आहे. पुस्तक कसलं, अवघी २१ वचनं. त्या ग्रंथसंग्रहातलं सर्वांत लहान. त्यातल्या विसाव्या वचनाचा आशय असा, की जेरुसलेमचे जे परागंदा लोक सफारदात आहेत, त्यांना दक्षिणेकडची नेगेबची गावं मिळतील. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनी फौजांनी जेरुसलेम उद्ध्वस्त केलं, त्या काळाची छाया या पुस्तकावर आहे. पण हे सफारद कुठलं? अख्ख्या हिब्रू ग्रंथात हे नाव एकदाच येतं. मागेपुढे पत्ता नाही, खाणाखुणा नाहीत.

त्यातून हिब्रू मुळात स्वरचिन्हांशिवाय लिहीत. कागदावर, म्हणजे चर्मपत्रावर, फक्त स-प-र-द. मोडी वाचणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेल्या मोडीत नाव ओळखायचं तर माणूस आधीच माहीत असावा लागतो. इथे गावच माहीत नव्हतं. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी 'एफ्राथा' असं काहीतरी लिहून वेळ मारून नेली. चौथ्या-पाचव्या शतकातल्या जेरोमने लॅटिनमध्ये चक्क 'बॉस्फोरस' केलं. हिब्रूत 'सफारदात' म्हणायला नावाआधी 'ब' लागतो. तो 'ब' नावालाच चिकटवला की ब-सफारद, बॉस्फोरस! मला हा पाठ आवडतो, पटत मात्र नाही.

यहुद्यांनी स्वतः वेगळा अर्थ लावला. संदेष्ट्यांच्या पुस्तकांचं जे अरामी रूपांतर सभास्थानांत चाले, त्यात सफारदाच्या जागी 'अस्पमिया' आलं, म्हणजे स्पेन. त्याच वचनातलं सारफथ हे खरं तर आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं गाव, पण पुढे हिब्रूत त्याचा अर्थ झाला फ्रान्स. आष्कनाज हे उत्पत्तीच्या पुस्तकातलं नाव असंच जर्मनीला जाऊन बसलं. माणसं जिथे पोचली तिथे त्यांनी पोथीतली नावं नेली. आजही हिब्रूत स्पेनला सफारद म्हणतात, आणि तिथून निघालेले यहुदी ते सफार्दी. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणायचो, ते काही स्पेनहून आलेले नव्हेत. पण त्यांची प्रार्थनेची पद्धत सफार्दीच.

आता कुणी म्हणेल, एका शब्दाचा अर्थ असा की तसा, फरक काय पडतो? सातबाऱ्यावरच्या एका नावापायी दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरं आपण पाहिली आहेत. स्पेनच्या यहुद्यांसाठी हे वचन म्हणजे तसाच उतारा होता. सफारद म्हणजे स्पेन असेल, तर आपण जेरुसलेमच्या पहिल्या मंदिराच्या नाशानंतरच इथे आलो, म्हणजे येशूच्या जन्माआधी कित्येक शतकं. मग येशूला क्रुसावर देण्याचा जो आरोप ख्रिस्ती जग सरसकट यहुद्यांवर ठेवायचं, तो आपल्याला लागूच होत नाही. आपले वाडवडील तेव्हा तिथे नव्हतेच! टोलेडोच्या यहुद्यांत हा युक्तिवाद चालत असे. इसाक अब्राबनेल हा राजदरबारातला मोठा विद्वान आणि अर्थकारणी. त्यानेही आपलं घराणं पहिल्या मंदिराच्या नाशापासून स्पेनमध्ये असल्याचं लिहिलं आहे.

उतारा कामाला आला नाही. ३१ मार्च १४९२ ला फर्डिनंड आणि इसाबेला यांनी हुकूम काढला : बाप्तिस्मा घ्या, नाहीतर जुलैअखेर देश सोडा. अब्राबनेलही गेला, इटलीत नेपल्सला. अनेकजण शेजारच्या पोर्तुगालात शिरले, तर तिथे १४९७ मध्ये सक्तीचा बाप्तिस्मा झाला.

अशाच एका स्पेनहून पोर्तुगालात आलेल्या घरात गार्सिया द ओर्ता जन्मला. वैद्य झाला, १५३४ मध्ये गोव्याला आला, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहालाही त्याने औषध दिलं. इथल्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मुंबईचं बेट पोर्तुगीज सरकारने त्याला भाडेपट्ट्याने दिलं होतं, आणि तिथल्या आपल्या आंब्याचं कौतुकही त्याने ग्रंथात केलं आहे. (आपल्या सोसायटीच्या लीजच्या फायलीवर पंचवीस वर्षं बसलेल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी. एका माणसाला अख्खी मुंबई भाड्याने!) तो वरवर ख्रिस्ती म्हणून जगला आणि १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं. १५८० मध्ये खुद्द गार्सियाची हाडं उकरून जाळली. मेलेल्या माणसावर खटला चालवून शिक्षा देणारं कोर्ट हे इतिहासाच्या पुस्तकात वाचताना कितीही वेळा अंगावर येतं.

मग खरं सफारद कुठलं? त्याचा धागा एका कड्यावर सापडला. इराणात बेहिस्तूनच्या डोंगरावर सम्राट दारयवहुशाने आपल्या ताब्यातल्या देशांची यादी कोरून ठेवली आहे. ती उतरवून वाचणारा हेन्री रॉलिन्सन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. शिड्या लावून, जीव धोक्यात घालून त्याने १८३५ पासून काही वर्षांत तो लेख उतरवला. त्या यादीत 'स्पर्द' आहे. स्पर्द म्हणजे पश्चिम तुर्कस्तानातला लिडियाचा प्रांत, राजधानी सार्डिस. ज्याच्या श्रीमंतीच्या गोष्टी ग्रीक सांगत त्या क्रीससची. जगातली अगदी पहिली नाणी पाडणारा मुलूख तो हाच.

शंकेला जागा होती. असीरियन लेखांत आजच्या इराणातल्या 'सपर्द' नावाच्या मुलखाचा उल्लेख येतो, आणि काही अभ्यासक तिकडे झुकतात. पण १९१२ मध्ये सार्डिसच्या स्मशानात अमेरिकन उत्खनकांना एक दगड मिळाला, लिडियन आणि अरामी अशा दोन भाषांत कोरलेला. या कबरीला जो हात लावेल त्याचं देवी आर्टेमिस वाटोळं करील, असा शाप त्यावर आहे. आपल्याकडच्या गद्धेगळाचा भाऊच म्हणा. आणि अरामी मजकुरात शहराचं नाव त्याच चार अक्षरांत : स-प-र-द. मला स्वतःला यानंतर दुसरा पत्ता शोधायची गरज वाटत नाही. १९६२ मध्ये तिथेच प्राचीन जगातल्या सर्वांत मोठ्या सभास्थानांपैकी एक उकरून निघालं. ते ओबद्याच्या फार नंतरचं, पण यहुदी वस्ती तिथे पुढेही नांदत होती हे त्यावरून दिसतं.

स्पेनने २०१५ मध्ये कायदा करून हाकललेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केलं. २०१९ मध्ये मुदत संपेपर्यंत लाखाहून अधिक अर्ज आले होते.

१४९२ नंतर ज्यांना ऑटोमन सुलतानाने आसरा दिला, त्यांचे वंशज सालोनिका, इस्तंबूल आणि पुढे इझमीर या शहरांत स्थिरावले. घरात जुनी स्पॅनिश बोलत, हरवलेल्या सफारदाची आठवण काढत चारशे वर्षं राहिले. इझमीरहून सार्डिसचे अवशेष शंभर किलोमीटरच्या आत आहेत. त्या गावाला आता सार्त म्हणतात.