बोल्ट आधी वेगासाठी आला

नेम हवा तर बोल्टची रायफल, वेग हवा तर सेमी-ऑटोमॅटिक, असं बहुतेक नेमबाज मानतात. पण बोल्टचा जन्म अचूकतेसाठी झालेला नाही. प्रशियाने १८४१ मध्ये योहान निकोलाउस फॉन ड्रायझेची सुईची बंदूक स्वीकारली, ती भरण्याच्या वेगासाठी. तोंडाकडून दारू-गोळी ठासायची तर शिपायाला उभं राहावं लागे. ड्रायझेचा बोल्ट मागे ओढला की आडवं पडूनही काडतूस आत सरकवता येई. १८६६ मध्ये कोनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियन सैन्याने याचा मार सोसला. त्यांच्या हातातली ठासणीची लोरेन्झ रायफल लांबच्या पल्ल्यावर ड्रायझेपेक्षा सरस होती, हे मला फार बोलकं वाटतं. तेव्हा अचूकता ठासणीच्या बाजूला होती आणि वेग बोल्टच्या.

बोल्टला अचूकतेचं नाव मिळालं ते पुढच्या कारागिरीमुळे. पाउल माउझरच्या १८९८ च्या रायफलीत बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम खुंट होते. ते चेंबरच्या लगेच मागे अडकत आणि काडतूस पक्कं धरून ठेवत. चाप ओढल्यावर आत हलते ती फक्त फायरिंग पिन. आजच्या कित्येक शिकारी आणि स्नायपर रायफली याच वंशातल्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारातही गोळी एकेक करून हातानेच भरावी लागते.

मग हाताने ओढायच्या बोल्टपेक्षा वेगवान असं काही आलं. अमेरिकेने १९३६ मध्ये जॉन गरँडची सेमी-ऑटोमॅटिक एम-१ स्वीकारली. नळीच्या टोकाजवळून थोडा वायू घ्यायचा, त्याने दांडा मागे ढकलायचा आणि दांड्याने बोल्ट उघडायचा, अशी तिची रचना. बोल्ट हलतो म्हणून नेम चुकतो, ही समजूत मात्र खरी नाही. गोळी नळीतून बाहेर पडते तोवर बोल्ट कुलूपबंदच असतो. खरी अडचण नळीवर लटकलेल्या सामानाची. वायूचं नळकांडं, दांडा, लाकडी आवरण हे सगळं नळीला चिकटलेलं असतं, आणि नळीचं कंपन प्रत्येक गोळीला सारखं राहत नाही. शिवाय धूळ-चिखलातही काडतूस न अडकता आत जावं म्हणून चेंबर थोडं सैल ठेवावं लागतं. सोव्हिएत सैन्याने आपल्या सेमी-ऑटोमॅटिक एसव्हीटी-४० ला दुर्बीण लावून पाहिली. गोळ्या वर-खाली विखुरत, म्हणून १९४२ मध्ये त्यांचे स्नायपर पुन्हा बोल्टच्या जुन्या मोसिन-नागां रायफलीकडे वळले.

यापुढचं काम चिकाटीचं होतं, आणि त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही. अमेरिकन लष्करातल्या शस्त्र-कारागिरांनी एम-१ नंतर आलेल्या एम-१४ रायफलीची यंत्रणा फायबरग्लासच्या लेपात दस्त्याशी घट्ट बसवली, त्यातून एम-२१ ही स्नायपर रायफल घडली. रायफल खोलून साफ केली की लेप झिजे, म्हणून ती जपून वापरावी लागे. यूजीन स्टोनरच्या एआर रायफलींमध्ये वायू बारीक नळीतून थेट मागे जातो. त्यामुळे नळी पुढच्या आवरणाला न टेकता मोकळी ठेवता येते. अमेरिकेतल्या कॅम्प पेरीच्या नेमबाजी स्पर्धांत १९९० च्या दशकात या घराण्याने एम-१४ ला मागे टाकलं. आज चांगल्या नळीची आणि निवडक काडतुसांची सेमी-ऑटोमॅटिक १०० मीटरवर गोळ्या तीनेक सेंटिमीटरच्या घोळक्यात ठेवू शकते. तेवढंच काम बोल्टची रायफल कमी खर्चात आणि कमी खटाटोपात करते.

भारतीय सैन्याची वर्षानुवर्षांची स्नायपर रायफल म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक ड्रागुनोव्ह. अलीकडे नियंत्रण रेषेवर फिनलंडची बोल्टची साको आली. ही बोल्टची सरशी आहे असं वाचलं, तेव्हा ते मला अर्धवट वाटलं. ड्रागुनोव्हचं काडतूस १८९१ च्या मोसिन-नागांचं, तर साकोचं पॉइंट ३३८ लापुआ मॅग्नम हे मुद्दाम लांब पल्ल्यासाठी बनवलेलं. ड्रागुनोव्ह तर १९६३ ची, पथकातल्या स्नायपरने इतर शिपायांबरोबर पळत वापरावी म्हणून केलेली. या दोघींच्या तुलनेत बोल्टपेक्षा काडतुसाचा वाटा मोठा आहे.