घंटा प्रकल्पाच्या दारात वाजली, दोष घरातला निघाला

प्रदूषणाची बातमी म्हटली की मी आधी धुराड्याचा फोटो काढतो. पत्रकारितेत आल्यापासूनची सवय. पण ज्याचा फोटोच निघत नाही, त्या प्रदूषणाची ही गोष्ट.

डिसेंबर १९८४. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. लिमरिक इथल्या नव्या अणुवीज प्रकल्पाच्या दारात किरणोत्सर्ग ओळखणारी यंत्रं होती. अंगावर किरणोत्सर्गी कण असले की घंटा वाजायची. स्टॅनली वॉट्रस नावाच्या इंजिनिअरसाठी ती सारखी वाजू लागली. प्रकल्पातून अजून नियमित वीजनिर्मितीही सुरू नव्हती, मग हे कण आले कुठून? तपासात उलटंच निघालं. वॉट्रस ते कण प्रकल्पातून घरी नेत नव्हते, घरातून प्रकल्पात आणत होते!

त्यांच्या घरातल्या हवेत रेडॉन वायू होता, लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. अमेरिकेत आज ४ च्या पुढे उपाय करा म्हणतात. म्हणजे जवळपास पावणेसातशे पट. बायकापोरांसह त्यांना घर सोडावं लागलं.

हा वायू कुठल्या कारखान्यातून येत नाही. खडकात युरेनियम असतं, त्यापासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन. ना रंग, ना वास. जमिनीच्या फटीतून तळघरात शिरतो, आणि थंडीत दारं-खिडक्या बंद असल्या की साठत जातो. श्वासावाटे त्याचे कण फुफ्फुसात बसतात. त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तो कितीतरी जास्त.

खरं तर इशारा जुना होता. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांचा छातीचा जीवघेणा आजार १६व्या शतकापासून माहीत होता. तो फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचं १८७९ मध्ये पुढे आलं. पण तो ‘खाणीतला’ आजार. आपल्या घरात कोण मोजणार? वॉट्रस प्रकरणानंतर घरोघरी मोजणी सुरू झाली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत घरातल्या रेडॉनसाठी कायदा झाला.

उपाय मात्र साधा निघाला. जमिनीखालून पाइप काढायचा, पंखा लावायचा आणि वायू छपराच्या वर सोडायचा. फटी बुजवायच्या. वॉट्रस कुटुंब काही महिन्यांनी त्याच घरात परत राहायला गेलं.

आता आपलं. बहुतेक महाराष्ट्राखाली काळा पाषाण आहे, त्यात युरेनियम कमी. त्यामुळे घाबरवायला हे लिहीत नाही. पूर्व विदर्भ आणि सिंधुदुर्गात मात्र खडक वेगळा आहे. तिथे तळघर किंवा कायम बंद एसी खोली असेल तर हवा खेळती ठेवा, एवढंच.

पण एक काम नक्की करा. वॉट्रस यांचं घर ज्या खडकपट्ट्यावर होतं, तो रीडिंग प्राँग पट्टा पुढे न्यू जर्सीत जातो. आपल्या ओळखीतली कितीतरी पोरं तिकडे घरं घेतायत. पुढच्या व्हिडिओ कॉलवर घराचं कौतुक करून झालं की एवढं विचारा, “काय रे, तळघरातला रेडॉन मोजलास का?”