गर्भाशयमुखाचा कर्करोग: पेशींचे ‘ब्रेक’ निकामी होतात तेव्हा

जखम भरून येते ती पेशींच्या विभाजनामुळे. मात्र विभाजनावर शरीराचा ताबा असतो. आरबी हे प्रथिन गरज नसताना पेशीला पुढे जाऊ देत नाही. डीएनएमध्ये बिघाड झाला तर पी५३ हे प्रथिन विभाजन थांबवते. बिघाड दुरुस्त झाला नाही, तर ती पेशी नष्ट केली जाते.

बिघाड कसा होतो?
एचपीव्ही विषाणूचे धोकादायक प्रकार (उदा. १६ आणि १८) हे दोन्ही ब्रेक निकामी करतात. बहुतेक स्त्रियांमध्ये हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो. तो टिकून राहिला, तरी कर्करोग व्हायला साधारणपणे अनेक वर्षे लागतात. तपासणीसाठी हाच वेळ हाताशी असतो.

तपासणीचा उपयोग होतो का?
होतो. आपल्या मराठवाड्यातच, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होते.

तुम्ही काय करावे?
- तिशीनंतर त्रास नसला तरी तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- ९ ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस द्या.
- संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव झाल्यास थांबू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. पुढची तपासणी मात्र टाळू नका.