घराजवळची सुट्टी आणि घरबसल्या सहल

प्रतिनिधी, मुंबई

सुट्टी लागली की गाव, थंड हवेचे ठिकाण किंवा परदेश, हे समीकरण आता तितकेसे पक्के राहिलेले नाही. आपल्याच शहरात, घरी किंवा जवळच्या हॉटेलात राहून सुट्टी घालवण्याच्या पद्धतीला 'स्टेकेशन' म्हणतात. २००८च्या मंदीत आणि इंधन दरवाढीत हा शब्द अमेरिकेत रुळला, तर २००९मध्ये मेरियम-वेबस्टर शब्दकोशात दाखल झाला. २०२०च्या टाळेबंदीनंतर तो आपल्याकडेही परिचित झाला.

शहरातच पाहण्यासारखे काय?

मुंबई परिसरातच युनेस्कोची तीन जागतिक वारसास्थळे आहेत : घारापुरीची लेणी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह (२०१८). ओव्हल मैदानात उभे राहिल्यास पूर्वेला गॉथिक, तर पश्चिमेला आर्ट डेको इमारती एकाच वेळी दिसतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. लोकलने रोज ये-जा करणाऱ्या अनेकांनी यातील एकही स्थळ निवांत पाहिलेले नसते.

आभासी पर्यटन

गुगलने २०११मध्ये 'आर्ट प्रोजेक्ट' सुरू करून जगातील नामवंत संग्रहालयांची दालने संगणकावर आणली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने मार्च २०२१मध्ये ४ लाख ८२ हजारांहून अधिक कलाकृतींच्या नोंदी विनामूल्य खुल्या केल्या. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने एप्रिल २०२०मध्ये 'देखो अपना देश' ही वेबिनार मालिका सुरू केली. जुलै २०२२मध्ये 'स्ट्रीट व्ह्यू' मुंबई, पुणे, नाशिक व अहमदनगरसह (आताचे अहिल्यानगर) देशातील दहा शहरांत उपलब्ध झाले.

लाभ आणि मर्यादा

घारापुरीची लेणी गाठण्यासाठी बोटीने सुमारे तासाभराचा प्रवास आणि त्यानंतर शंभरावर पायऱ्यांची चढण असते. गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठांना किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींना पडद्यावरील दर्शन हाच अनेकदा एकमेव पर्याय उरतो. मात्र पडद्यावरच्या सहलीतून बोटवाला, वाटाड्या किंवा पायऱ्यांवरचा विक्रेता यांच्या हाती काहीही पडत नाही. बेटावरील अनेक कुटुंबांची चूल पर्यटकांवरच पेटते. त्यामुळे ज्यांना चालणे शक्य आहे, त्यांनी आभासी सहलीचा उपयोग पूर्वतयारीपुरता करावा आणि एखादा दिवस प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवावा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, एवढे मात्र लक्षात ठेवावे.