विळी आणि बोटी

दिवेलागणीला जंगलापलीकडून बायकांचा आवाज आला. एकसुरात, जीभ हलवून काढलेला, लांबच लांब थरथरणारा. पाठोपाठ शंख वाजला. चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात त्या रात्री कुणाला घास गोड लागला नाही, असं आजोबा सांगत. पलीकडं कुणीतरी गेलं, असंच सगळ्यांना वाटलं. सकाळी गुराख्यांची पोरं बघून आली. जंगल तोडून केलेल्या मोकळ्या जागेत तंबू होते, सरकारी ट्रक होते आणि न कळणारी भाषा बोलणारी माणसं होती. मेलं कुणीच नव्हतं. एका तंबूत मूल जन्मलं होतं, म्हणून बायकांनी आनंदाचा तो थरथरता आवाज, उलू, काढला होता.

साठचं दशक होतं. गडचिरोली जिल्हा अजून झाला नव्हता, तो झाला 26 ऑगस्ट 1982 ला. तेव्हा सगळा मुलूख चांद्याचाच, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा. तंबूतली माणसं आली त्याची सुरुवात मात्र फार लांब झाली होती. 27 डिसेंबर 1963 ला श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र अवशेष नाहीसा झाला आणि जानेवारीत त्याचे पडसाद थेट पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्यात उमटले. दंगलीत घरं जळाली. जी बंगाली माणसं हद्द ओलांडून भारतात आली, त्यांतल्या हजारोंना रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवलं गेलं. कोरापूट, कालाहांडी आणि बस्तरसाठी दंडकारण्य प्राधिकरण 1958 पासूनच होतं. चांद्याची वसाहत त्याहून वेगळी, पण साग-मोहाचं जंगल तेच. पुढं मुलचेरा आणि चामोर्शीकडं विवेकानंदपूर, सुंदरनगर, खुदीरामपल्ली, सुभाषग्राम अशी गावं वसली. चंद्रपूर शहरातल्या वस्तीचं नाव तर आजही बंगाली कॅम्प. पन्नास वर्षं उलटली तरी कॅम्प हा शब्द काही सुटला नाही.

त्या गावांतल्या एका आजीला आम्ही दीदीमा म्हणायचो. खुलन्याहून निघताना तिनं दोनच वस्तू उचलल्या होत्या: देवाची तसबीर आणि बोटी. बोटी म्हणजे त्यांची विळी. पातं जरा जास्त उंच आणि वाकडं, पण पाट पायाखाली दाबून बसायची तऱ्हा तीच. माझी आजी पहिल्यांदा तिच्या घरी गेली तेव्हा दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. दीदीमा मासा कापत होती. आजी थोडा वेळ बघत राहिली, मग बोटी आपल्याकडं ओढून खाली बसली आणि शेजारचा भोपळा चिरायला घेतला. त्यानंतर भाषेवाचून त्यांचं कधी अडलं नाही. मला त्या दोघींचे पाय अजून दिसतात, एक विळीवर आणि एक बोटीवर, दोन्ही टाचांना भेगा.

पण ही गोष्ट एवढ्यावर थांबवली तर ती अर्धीच राहील. आजोबांचे सोबती असलेले एक गोंड बुढा होते. ते आमच्या ओसरीवर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत, "आले त आले जी. पन आमाले कोनी इचारलन का?" त्यांचा राग माणसांवर नव्हता. ज्या जंगलातून ते पिढ्यान् पिढ्या मोह वेचत, तिथं एके दिवशी साखळी पडली, मोजणी झाली आणि पट्टे वाटले गेले. त्यांच्या स्वतःच्या कसण्याला कागद द्यायचा कायदा मात्र 2006 साली आला. त्या चाळीस वर्षांत आदिवासी आपल्याच रानात अतिक्रमणदार ठरत राहिला. हे दुःख खरं आहे. बंगाली गावाच्या सभेतही ते मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे.

आणि दीदीमाला तरी कुणी विचारलं होतं? भातखाचर आणि खाडीच्या मुलखातल्या बाईला वाघाच्या जंगलात उतरवून दिलं. तिची माणसं बहुतेक नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळं जी जात तिच्या आजोबांना देवळाबाहेर उभी करत होती, तिचा दाखला इथं तिच्या नातवाला मिळत नाही. यातली एक गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना संविधान सभेत पाठवलं ते बंगालच्या विधानसभेनं. त्यासाठी झटले ते नमःशूद्रांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल. फाळणीनं ती जागा गेली आणि बाबासाहेब मग मुंबईतून निवडून आले. याच बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. चांद्याच्या ज्या मातीला त्यांचे पाय लागले, तिथं पुढं त्यांना संविधान सभेत पाठवणाऱ्या समाजाचीच माणसं आली, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

दीदीमाचा नातू आज पुण्यात कामाला आहे. जन्म इथला, शाळा मराठी, झाडीबोली माझ्यापेक्षा झणझणीत. तरी आईचा फोन आला की तो बाहेर जाऊन हळू आवाजात बोलतो. बंगाली बोललं की लोक कागद विचारतात, त्याची त्याला धास्ती आहे. मला हे ऐकून संताप येतो. चेहरा आणि भाषा बघून माणसाचा देश ठरवणं हा अन्याय आहे, आणि नागरिकत्वाच्या कायद्यातल्या तारखा कितीही बदलल्या तरी तो अन्यायच राहतो.

अशा प्रश्नांवर बोलणी कशी करायची हे आपल्या जिल्ह्याला बाहेरून शिकायची गरज नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या लोकांनी अभ्यास गट केले, एकमत होईस्तोवर ग्रामसभा चालवल्या आणि 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथं मतदानानं कुणाला हरवत नाहीत, सगळे पटेपर्यंत बसतात. तशीच बैठक गोंड-माडिया गाव आणि बंगाली गाव यांच्यात का होऊ नये? जातीचा दाखला, पट्टे, मोहाचं रान, बंगालीतून शाळा, सगळे विषय एका सतरंजीवर यावेत. गोंड बुढ्यांचा प्रश्न तिथं पहिला विचारला जावा आणि दीदीमाचा दुसरा.

आजोबा गेले, बुढाही गेले. दीदीमा आहे, पण आता तिला कमी ऐकू येतं. ज्यांच्या घरात अशी म्हातारी माणसं आहेत त्यांनी या उन्हाळ्यातच शेजारच्या गावाला बोलावणं धाडावं.