युनियननेच वाऱ्यावर सोडलं तर?

युनियन मालकाशी भांडते हे आपण गृहीत धरतो. पण युनियननेच तुमची बाजू घ्यायला नकार दिला तर दाद कुठे मागायची? अमेरिकेत याचं उत्तर खासगी कामगारासाठी एक आहे आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यासाठी दुसरं. हा फरक मला नेहमी खटकतो.

सुरुवात रेल्वेपासून. अलाबामातला बेस्टर स्टील हा कृष्णवर्णीय फायरमन. त्याच्या वतीने वाटाघाटी करायचा कायदेशीर मक्ता ज्या युनियनकडे होता, ती काळ्यांना सभासदच करत नसे. १९४१ मध्ये तिने रेल्वे कंपन्यांशी करार केला, की फायरमनांत काळे निम्म्याहून जास्त नकोत. स्टीलचं चांगलं काम गेलं आणि त्याच्याहून कनिष्ठ गोऱ्यांना मिळालं. चार्ल्स ह्यूस्टन यांनी खटला लढवला. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सगळ्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कायद्याने दिलाय ना, मग सगळ्यांशी न्यायाने वागणंही आलंच, सभासद असो वा नसो. आणि युनियन तसं वागली नाही तर कोर्टाचं दार उघडं.

१९६७ मध्ये कॅन्सस सिटीच्या मांस कारखान्यातल्या एका कामगाराचा खटला तिथे पोहोचला. रक्तदाबामुळे त्याला काढलं होतं, आणि युनियनने लवादाकडे जायला नकार दिला होता. निकाल लागेपर्यंत तो हयातही नव्हता, आणि निकाल युनियनच्या बाजूने गेला. पण न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी त्यात एक मोलाची गोष्ट लिहिली. श्रम मंडळाच्या जनरल कौन्सेलने तक्रार पुढे न्यायची नाही असं ठरवलं, तर त्यावर अपील नाही. म्हणून कोर्टाची वाट मोकळी राहिलीच पाहिजे.

आता सरकारी नोकर. १९६२ मध्ये केनेडींच्या आदेशाने त्यांच्या युनियनना मान्यता मिळाली. १९७८ च्या कायद्याने फेडरल लेबर रिलेशन्स ऑथॉरिटी उभी केली, आणि न्याय्य प्रतिनिधित्वाचं कर्तव्य थेट कलमातच घातलं. वाचायला छान.

कॅलिफोर्नियात माँटेरेला लष्कराच्या भाषासंस्थेत ग्रीक शिकवणाऱ्या एकाला स्पर्धेतून वरची जागा मिळाली. दुसऱ्या दावेदाराची तक्रार युनियनने लवादापर्यंत नेली, आणि याची जागा गेली. हा युनियनकडे गेला तर म्हणे, आम्ही त्याच्या बाजूने उभे होतो, तुमची बाजू कशी घेणार? (अडचण खरी आहे, पण मग या माणसाने जायचं कुठे?) ऑथॉरिटीच्या जनरल कौन्सेलने युनियनला दोषी धरलं. आणि तडजोड काय झाली? पुढे सगळ्यांना न्याय्य वागवू, अशी नोटीस युनियनने फळ्यावर लावायची! माणसाच्या हाती काही नाही.

तो कोर्टात गेला. मार्च १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, कायद्याने ऑथॉरिटीचा मार्ग नेमून दिलाय, तेव्हा युनियनवर खटला भरायचा वेगळा हक्क आम्ही मानणार नाही. निकाल लिहिला कोणी? त्याच बायरन व्हाइट यांनी. म्हणजे ज्या अपील नसलेल्या अधिकाऱ्याची धास्ती त्यांनी खासगी कामगारासाठी घेतली, त्याच पदाच्या हाती सरकारी कर्मचारी सोपवला. टपाल कर्मचारी तेवढे सुटले, कारण १९७० च्या कायद्याने त्यांना खासगी कामगारांच्या रांगेत बसवलंय.

बरं, ऑथॉरिटीचं ते पद नोव्हेंबर २०१७ पासून मार्च २०२१ पर्यंत रिकामंच होतं. तेवढा काळ एकही तक्रार सुनावणीपर्यंत जाऊ शकत नव्हती, कारण आरोपपत्रावर सही करायलाच कोणी नव्हतं.