‘लोकस’चा ‘लोक’शी संबंध आहे का?

छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ साली सुरू झाले. तेथील वकिलांच्या तोंडी ‘लोकस स्टँडाय’ हा लॅटिन शब्दप्रयोग सहज येतो. ‘लोकस’ म्हणजे जागा; ‘स्टँडाय’ म्हणजे उभे राहण्याची. दाद मागणाऱ्याला न्यायालयापुढे उभे राहण्याचा अधिकार आहे का, असा हा प्रश्न. ज्याचे स्वतःचे नुकसान झाले त्यानेच यावे, असा जुना दंडक होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यात तो सैल केला. गरिबीमुळे किंवा असहायतेमुळे ज्यांना येता येत नाही, त्यांच्यासाठी सद्हेतूने दुसरा कोणीही दाद मागू शकतो, असे ठरले. एका शब्दाचा अर्थ रुंदावला आणि अनेकांना न्यायालयाचे दार उघडले.

हाच ‘लोकस’ आपल्याला भूमितीत भेटतो. तेथे आपण त्याला बिंदुपथ म्हणतो. ग्रीक गणितींचा शब्द होता ‘टोपोस’, म्हणजे जागा. लॅटिनमध्ये त्याचा ‘लोकस’ झाला. जीवशास्त्रात गुणसूत्रावरील जनुकाची ठरलेली जागा म्हणजेही लोकस.

आता वर्गात एखादा विद्यार्थी हमखास विचारील, “मग स्वर्गलोक, भूलोक यांतला ‘लोक’ही हाच का?” दिसायला तसेच वाटते, पण तसे नाही. जुन्या लॅटिनमध्ये हा शब्द ‘स्त्लोकुस’ असा होता. सुरुवातीचे ‘स्त्’ पुढे गळाले. संस्कृत ‘लोक’चा लॅटिनमधला नातलग वेगळाच आहे: ‘लूकुस’, म्हणजे राई. लिथुएनियन भाषेत ‘लाउकास’ म्हणजे शेत. मोकळी जागा हा या कुळाचा मूळ अर्थ.

खरे नाते आहे ते ‘स्टँडाय’शी. लॅटिन ‘स्तारे’ (उभे राहणे) आणि संस्कृत ‘स्था’ यांचे मूळ एकच. म्हणून ‘स्टेशन’ आणि ‘स्थानक’ हे दूरचे भाऊ ठरतात. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरचे पैठण पाहा. सातवाहनांच्या या राजधानीचे नाव ‘प्रतिष्ठान’, म्हणजे प्रति + स्था. आधीच्या इकारामुळे ‘स्था’चा ‘ष्ठा’ झाला आणि प्राकृतातून ‘पैठण’ उरले.

तेव्हा शब्दांचे नाते चेहऱ्यावरून ठरवू नये. त्यांची जुनी रूपे शोधावीत, ध्वनी कसे बदलले ते तपासावे. आपल्या गावाच्या नावापासूनच वर्गात सुरुवात करून पाहू या.